कॉकपिटमधली सगळी बटणं एकसारखी का करत नाहीत?

तुम्ही विचारलंय की कॉकपिटच्या फोटोत एका दांड्याला चाकासारखी मूठ, दुसऱ्याला चपटी, कुठलं बटण गोल तर कुठलं चौकोनी दिसतं. हा पसारा एकाच साच्यातला, नीटनेटका का करत नाहीत?

विमानांच्या इन्स्ट्रुमेंट शॉपमध्ये काम केलेला माणूस म्हणून सांगतो: एकसारखं करून झालंय, आणि ते महागात पडलंय.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बरमध्ये चाकांचा आणि फ्लॅपचा असे दोन स्विच शेजारी-शेजारी होते, दिसायला जुळे. फ्लॅप म्हणजे उतरताना पंखांच्या मागून खाली येणाऱ्या पट्ट्या. उतरल्यावर त्या वर घ्यायच्या असतात. थकलेला पायलट सुखरूप उतरायचा, फ्लॅप म्हणून हात घालायचा आणि वर जायची चाकं! विमान धावपट्टीवर पोटावर. नोंद व्हायची ‘पायलटची चूक’ अशी.

१९४३ च्या सुमारास अल्फॉन्स चपॅनिस या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की बी-१७, बी-२५ आणि पी-४७ चे पायलट ही चूक करतात, सी-४७ चे करत नाहीत. सी-४७ मध्ये या दोन गोष्टींची रचनाच वेगळी होती. सगळे वेंधळे पायलट नेमके तीनच प्रकारच्या विमानांवर कसे येतील? त्याने सुचवलेला उपाय अगदी साधा. चाकांच्या स्विचला छोटं रबरी चाक, फ्लॅपच्या स्विचला पाचरीसारखा तुकडा. आता न बघता, हातमोज्यातूनही कळणार की आपण काय धरलंय. मोठ्या प्रवासी विमानांत या दोन मुठींचे आकार कसे असावेत हे आज अमेरिकेच्या नियमांतच लिहिलेलं आहे. तुम्हाला फोटोत दिसलं ते हेच.

डोळ्यांचंही तसंच. जुन्या अल्टिमीटरमध्ये, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्रात, एकाच तबकडीवर तीन काटे असायचे: शेकड्याचा, हजाराचा आणि दहा हजारांचा. शेवटचा सगळ्यात लहान, आणि चुकला तर घात त्याचाच. १९५८ मध्ये स्कॉटलंडात प्रेस्टविककडे निघालेलं एक व्हायकाउंट विमान याच घोटाळ्यात जमिनीला भिडलं. उंची दहा हजार फुटांनी जास्त वाचली गेली होती. नशीब, आतले पाचही कर्मचारी वाचले.

काटे जाऊन आकडे आले म्हणून प्रश्न सुटला, असंही नाही. २० जानेवारी १९९२ ला एअर इंटर या फ्रेंच कंपनीचं एअरबस ए३२० विमान रात्री फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला उतरत होतं. खाली येण्याचा वेग किंवा कोन, दोन्ही एकाच नॉबने भरायचे. त्यातलं काय भरतोय हे वेगळं बटण दाबून ठरवायचं. कोन ‘-३.३’ अंश असेल तर आकडे दाखवणाऱ्या छोट्या खिडकीत तसाच दिसे. मिनिटाला ३३०० फूट असेल तर दिसे नुसतं ‘-३३’. फरक एका टिंबाचा, पण दुसऱ्या आकड्यावर विमान साधारण चौपट वेगाने खाली येतं. विमान डोंगरावर आदळलं, ८७ माणसं गेली. चौकशीत हा घोळ सिद्ध झाला असं नाही, तरी सर्वाधिक संभव याचाच धरला गेला. पुढे एअरबसने त्या खिडकीत वेगाचे चारही अंक दाखवायला सुरुवात केली. मला विचाराल तर ते दोन शून्य वाचवण्यात मुळात काही अर्थच नव्हता.

मग टचस्क्रीन का नाही, हे कुणीतरी विचारणारच. आलेत की. एअरबसच्याच ए३५० मध्ये २०१९ पासून तसा पर्याय मिळतो. पण काच सगळीकडे सारखीच लागते, बोटाला काही सांगत नाही, आणि विमान हादरत असताना नेमक्या चौकोनावर बोट टेकवणं किती कठीण असतं ते एकदा गचके खाणाऱ्या एसटीत मोबाइलवर टाइप करून बघा. म्हणूनच त्या विमानात टचस्क्रीन घेतला तरी कीबोर्ड आणि हाताखाली फिरणारा ट्रॅकबॉल काढून टाकलेला नाही.