ग्रेनेडियर, गरनाळ आणि डाळिंब

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धावरच्या लेखात जर्मन 'ग्रेनेडियर रेजिमेंट'चं भाषांतर 'हातबॉम्बफेकी पलटण' असं वाचलं. बरोबर आहे का?

अजिबात नाही, आणि हे वाचून वाचून आता चीड येते. १५ ऑक्टोबर १९४२ रोजी जर्मन सैन्यातल्या साध्या इन्फंट्री रेजिमेंटांना 'ग्रेनेडियर' हे नाव मिळालं, ते मानाचं म्हणून. अठराव्या शतकातला प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट याच्या निवडक, उंचापुऱ्या ग्रेनेडियरांची आठवण जागवून पायदळाला उभारी द्यायची होती. हत्यारं तीच राहिली: ९८के रायफल, दहाएक जणांत एक मशीनगन. लाकडी दांड्याचा हातबॉम्ब तर १९३९ सालीही होताच. 'ग्रेनेडियर' तसंच ठेवा.

खरा आनंद मूळ शब्दात आहे. लॅटिनमध्ये 'ग्रानुम' म्हणजे दाणा, 'ग्रानातुम' म्हणजे दाणेदार. त्यावरून फ्रेंच 'ग्रनाद': डाळिंबही तेच आणि दारू ठासलेला गोळाही तोच. जर्मनमध्ये 'ग्रानाटे' म्हणजे तोफगोळा, 'ग्रानाटआफेल' म्हणजे डाळिंब, आणि उखळी तोफ म्हणजे 'ग्रानाटवेर्फर', गोळाफेकी. युद्धाच्या सुरुवातीला बटालियनच्या मशीनगन कंपनीकडे अशा ८ सेंटिमीटरच्या सहा असत.

आता आपल्या जुन्या कागदांतली 'गरनाळ' आठवा. आखूड, रुंद तोंडाची तोफ! माझ्या मते ती पोर्तुगीज 'ग्रानादा'च आहे. 'नाळ म्हणजे नळी, बाकी गर कसला तरी' अशी फोड करणाऱ्यांना त्या 'गर'चा अर्थ विचारा; उत्तर मिळत नाही. 'ग्र'चं 'गर' होणं मराठी जिभेला सहज आहे. 'द'चा 'ड' आणि 'ड'चा 'ळ' कसा, असं कुणी म्हणेल. 'ड'चा 'ळ' तर 'गुड'चा 'गूळ' झाला तेव्हापासून चालत आलाय. आणि संस्कृत 'दाडिम'चं मराठीत काय झालं? डाळिंब! जो फेरफार त्या फळाच्या नावात झाला, तोच त्या फळावरून नाव पडलेल्या गोळ्याच्या नावात. 'नाळ' हा ओळखीचा शब्द जवळच होता, त्यानं ओढून घेतलं इतकंच. याहून चांगली व्युत्पत्ती कुणी दाखवली, तर मी मान्य करीन.

आणि 'पँझरग्रेनेडियर' म्हणजे रणगाड्यावर बसून बॉम्ब टाकणारे नव्हेत. ते रणगाड्यांच्या सोबतीचं पायदळ, आणि त्यांतले बहुतेक चिलखती गाड्यांत नाही, साध्या ट्रकांत बसून जात.