विहिरीजवळचा ओलावा सेन्सर २५० मीटरवरच्या स्टार्टर पेटीला जोडायचाय, वायरीवरून डेटा पाठवायला आयटूसी पद्धत घेऊ का आरएस-४८५?

भाऊ, आयटूसी सोडा. ते एकाच बोर्डावरच्या चिपांनी आपसात बोलावं म्हणून फिलिप्सनं काढलेलं, वायर लांबली की कपॅसिटन्स (वायरीत चार्ज साठून राहणं) वाढतो आन् ४०० पिकोफॅरडच्या वर गेला की सिग्नल चढायलाच उशीर, मीटर-दोन मीटरच्या पुढं काही खरं नाही. एसपीआय म्हणून चिपा जोडायची दुसरी पद्धत हाय, तिचंही तेच, फास्ट हाय पण डिस्प्ले नाहीतर एसडी कार्डापुरतं.

तुम्हाला आरएस-४८५ च लागतंय. ते दोन वायरींमधला फरक बघतं, त्यामुळं मोटर सुरू होताना उठणारा नॉइज दोन्ही वायरींत सारखाच येतो आन् कटतो. ९६०० बिट प्रति सेकंदाच्या स्पीडला १२०० मीटरपर्यंत आरामात. कंट्रोलर बोर्डाच्या यूएआरटीला (सीरियल डेटाच्या पिना) मॅक्स ४८५ ही आरएस-४८५ ची चिप लावायची (ईएसपी-३२ बोर्ड असेल तर ३.३ व्होल्टवालं मॅक्स ३४८५), वर मोडबस आरटीयू (डेटा कसा मागायचा-द्यायचा याचे ठरलेले नियम), झालं काम. पीळ दिलेलीच जोडी घ्या, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, सोबत ग्राउंडची तिसरी वायर. जालन्याकडं एका मोसंबीच्या बागेत मी साधी वायर टाकली आन् रेझिस्टर विसरलो, तर डेटा कधी येतोय कधी येत नाही, आन् मी येड्यावानी चार दिवस कोडच तपासत बसलो. मृगात विजा लई पडतात, टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचा झटका अडवणारा) टाकाच.

नांगरात वायर तुटायची भीती असेल तर लोरा (बिनवायरीचं, लांब पल्ल्याचं रेडिओ) बघा, ८६८ वालं मॉड्यूल घेऊन ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमधी सेट करा, तिथं लायसन लागत नाही. डेटा थोडाच जातो, पण १५ मिनिटाला एक रीडिंग म्हणलं तर लई झालं.