मांडव रिकामा का पडला?

प्रश्न: नमस्कार ताई, आमच्या शेतकरी गटाने गेल्या वर्षी कृषी मेळावा घेतला होता. मांडव, स्टेज, माईक सगळं व्यवस्थित होतं, पाहुणेही वेळेवर आले, पण भाषणं लांबली आणि दुपारपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या. बायका तर जेमतेम दहा-बारा. यंदाही जबाबदारी माझ्यावरच आहे. कुठं चुकलं असेल? आणि यंदा जनावरांचं प्रदर्शन ठेवावं का?

उत्तर: दादा, लोकांना आवड नाही असं आधी मनातून काढून टाका. मला एक सांगा, तारीख कुणाला विचारून ठरवली होती? बहुतेक ठिकाणी ती पाहुण्यांच्या सोयीने ठरते, आणि नेमकी त्याच आठवड्यात काढणी चालू असते किंवा वाफसा आलेला असतो, मग हातातलं काम टाकून खुर्चीवर कोण बसेल? तारीख ठरवायच्या आधी पाच-सहा घरी जाऊन बसा. त्यात एक घर दुधाच्या धंद्यातलं हवं आणि एक मजुरीवर जाणारं हवं. आणि बायकांना वेगळं विचारा, घरातल्या पुरुषाने सांगितलेली वेळ त्यांच्या सोयीची असेलच असं नाही. धारा काढायच्या वेळेला कार्यक्रम ठेवला तर दूधवाली घरं येणारच नाहीत, सरळ हिशेब आहे.

दुसरं म्हणजे स्टेज. शेतकऱ्याला कानापेक्षा डोळ्याने जास्त पटतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. 1903 साली अमेरिकेत टेक्सासमधल्या टेरेल इथं सीमन नॅप या शेतीतज्ज्ञांनी हेच केलं, नवी पद्धत सरकारी फार्मवर न दाखवता एका शेतकऱ्याला त्याच्याच रानात करून बघायला लावली, आणि तोटा झाला तर भरून द्यायला गावातले व्यापारी तयार झाले. पुढं 1989 मध्ये इंडोनेशियात भातावरच्या तुडतुड्यांच्या प्रश्नातून शेतीशाळा सुरू झाल्या, त्यातही साधारण 25 जणांचा गट दर आठवड्याला बांधावर जमून स्वतः पिकाचं निरीक्षण करायचा. म्हणून माझं म्हणणं असं की भाषणं अर्ध्या तासात आटपा आणि बाकीचा वेळ शिवारफेरीला द्या. वीस-पंचवीस जणांचे गट करा, प्रत्येक थांब्यावर वीस मिनिटं, आणि माहिती ज्याचं रान आहे त्यानेच सांगायची, खर्च किती आला आणि कुठं फसलं तेसुद्धा.

पण यात एक मेख आहे, दाखवायचा प्लॉट महिनाभर आधी तयार होत नाही. मेळावा खरं तर पेरणीच्या वेळीच ठरलेला असावा लागतो. शेजारी एक पट्टी नेहमीच्या पद्धतीची ठेवायचीच, नाहीतर फरक दिसणार कशाशी?

कामं वाटताना "आपण सगळे बघू" असं अजिबात नको. पाणी, सावली, संडास, पार्किंग, प्रथमोपचार, प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव आणि फोन नंबर लिहा आणि तो कागद ग्रुपवर टाका. यंत्राचं प्रात्यक्षिक असेल तर दोरी बांधा आणि पोरांना दोरीच्या आत येऊ देऊ नका, या एका गोष्टीत मी कुणाचंच ऐकत नाही. पाऊस आला तर कार्यक्रम पुढं ढकलायचा का हे कोण ठरवणार तेही आधीच ठरवा. आणि ढगांचा गडगडाट ऐकू आला की रानातले लोक लगेच पक्क्या इमारतीत न्या, झाडाखाली नाही, मांडवातही नाही. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबायचं.

आता जनावरं. यंदा नको असंच मी सांगेन, आधी माणसांचा मेळावा नीट होऊ द्या. लाळ्या-खुरकूत झालेलं जनावर लक्षणं दिसायच्या आधीच रोग पसरवू शकतं, लागण होऊन लक्षणं दिसायला 2 ते 14 दिवस लागतात. 2001 मध्ये ब्रिटनमध्ये पहिली केस कळायच्या आधीच हा रोग जनावरांच्या बाजारांतून लांबलांब पोचला होता. तरीही ठेवायचंच असेल तर पशुवैद्यकांशी बोलून लसीकरण काही आठवडे आधी उरकून घ्या, प्रत्येकाची बादली आणि दावं वेगळं असू द्या, आणि घरी नेलेलं जनावर दोन आठवडे गोठ्यातल्या बाकीच्यांपासून लांब बांधा. पाण्याचाही हिशेब करा, उन्हाच्या दिवसात एक दुभती गाय दिवसाला 60 ते 100 लिटर पाणी पिऊ शकते, टँकर त्या अंदाजाने सांगा.

प्लॉट कुणाच्या रानात घ्यायचा हे ठरलं की पेरणीच्या आधी मला परत लिहा, पट्ट्या कशा आखायच्या ते सविस्तर सांगते.