टेस्टिंगमध्ये लोक टिकतात कशावर?

प्रश्न: ताई, कॅम्पसमधून लागलो, ट्रेनिंग संपलं आणि न विचारताच सॉफ्टवेअर टेस्टिंगला टाकलं. आता तीन वर्षं मॅन्युअल टेस्टिंग करतोय. मित्र म्हणतात क्लिक क्लिकचं काम, बाबा म्हणतात कोडिंगचं बघ. पण टीममधल्या एक मॅडम चौदा वर्षं टेस्टिंगमध्येच आहेत आणि चक्क खूश आहेत! लोकांना यात मिळतं तरी काय?
- एक वाचक, हिंजवडी

उत्तर: अरे, मलाही असंच टाकलेलं. ठरवून टेस्टिंगला आलेली माणसं मी फार कमी पाहिलीत, बहुतेक जण पगारासाठी येतात आणि मग काहींना खोड लागते.

माझंच सांगते. बिल भरायचं ॲप होतं, टेस्ट केसेस सगळ्या पास, दुसऱ्या दिवशी रिलीज. संध्याकाळी लिफ्टमधून उतरताना उगाच एक पेमेंट करून बघितलं, नेटवर्क गेलं, ते चक्र नुसतं फिरतंय फिरतंय, मी वैतागून बॅक दाबलं आणि परत पे. खाली आले तर पैसे दोनदा कापलेले (टेस्ट अकाउंटचे, म्हणून बरं). डेव्हलपर म्हणाला, "माझ्याकडे तर नीट चालतंय." मग त्याला धरून लिफ्टमध्येच नेलं, वर-खाली, वर-खाली. तिसऱ्या फेरीत त्याचा चेहरा पडला. त्या वर्षी इन्क्रिमेंट किती मिळालं ते विसरले, तो चेहरा नाही विसरले.

"आधी चालत होतं ना" हे ऐकलं की खोड लागलेल्या माणसाचे कान टवकारतात. १९९६ मध्ये युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात साधारण ४० सेकंदांत फुटलं. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ६४ बिटचा आकडा १६ बिटांच्या छोट्या जागेत मावला नाही. कोड एरियान ४ मधून उचललेला, तिथे बिनतक्रार चाललेला, पण नव्या रॉकेटच्या उड्डाणाचे आकडे घालून ती सिस्टिम कोणी चालवूनच बघितली नव्हती.

बाकी, बग (सॉफ्टवेअरमधल्या चुका) मोजून अप्रेझल करणारा मॅनेजर असेल तर कोणाचाही उत्साह मरतो, तिथे टीम बदल. सेलेनियम वगैरे आपोआप टेस्ट करणारी टूल्स शीकच, रोजचं तेच ते क्लिक मशीनला करू दे, लिफ्टमध्ये जायला तुला वेळ राहील.

आणि हो, तीन वर्षांत पकडलेला कुठला बग अजून आठवतो ते कळव. एकही आठवत नसेल तर बाबांचं ऐकायला हरकत नाही.