हिरो पेन आणि आजीचं दार

प्रिय मनू,

रविवारी आजीशी व्हिडिओवर बोलताना ती म्हणाली, "दुपारचं दार लावूनच बसते, मैदानात पारधी उतरलेत." फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "माझ्या वर्गातला तो मुलगा 'इंडियन लोकांना वास येतो' म्हणाला, तेव्हा तू लगेच शाळेत गेलास. मग आजीला काहीच का नाही बोललास?" मी भांडी घासायचं निमित्त काढून उठलो. लिहिताना निदान उठून जाता येत नाही. मराठी वाचायचा कंटाळा आला तर आईकडून वाचून घे.

सोलापुरात 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो आपल्याकडेही लागू झाला. पाळण्यातलं पोरसुद्धा जन्मानं चोर! कैकाडी, पारधी, टकारी अशा लोकांना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं. माझे आजोबा गिरणीत होते. ते सांगायचे, तारेआतली माणसं आमच्यासारखीच पाळी करायची, पण भोंगा झाला की आम्ही घरी आणि ती हजेरीला. मुंबई प्रांतात तो कायदा १९४९ साली गेला आणि ३१ ऑगस्ट १९५२ला देशभरातून. तार गेली, नाव मात्र राहिलं.

मी सहावीत असताना तिथला एक मुलगा आमच्या वर्गात होता. पारधी की कैकाडी, आम्हाला ठाऊक नव्हतं, कुणी विचारलंही नाही. तो 'सेटलमेंटवाला', बस्स. एक दिवस माझा पेन गेला. नानामामानं दिलेला, सोनेरी टोपणाचा हिरो. मी रडतरडत सरांकडे गेलो. सर वर्गाकडे वळले मात्र, अजून त्यांनी तोंडही उघडलं नव्हतं, तोवर तो मुलगा आपणहून उठला आणि त्यानं दप्तर बाकावर उलटं केलं. दोन वह्या, अर्धी पेन्सिल, फडक्यात बांधलेली भाकरी. फडकं सुटलं आणि शेंगाचटणी वहीवर सांडली. सरांनी बघितलं, "बस" म्हणाले. बाकी कुणाचं दप्तर उघडलं नाही. तो बोटानं चटणी गोळा करून परत फडक्यात भरत होता. आणि मी? मी त्या ढिगात अजून पेन शोधत होतो.

पेन शेवटपर्यंत सापडला नाही. त्यानंच घेतला असेल का? बघ, आजही प्रश्न हाच येतो. वर्गात चाळीस पोरं होती, पण पेन आठवला की आठवतो तो एकटाच.

आता आजीबद्दल. तिला एकदम वाईट ठरवू नकोस. (हे मी तिची बाजू घेतोय की माझी, देव जाणे.) तिच्या लहानपणी न्हाणीतली तांब्याची घागर गेली होती. कुणी पाहिलं नव्हतं, पण कुणी नेली ते गल्लीला लगेच 'कळलं'. तीच आजी मैदानातल्या बायकांना ताज्या भाकरी देते. बाळंतीण असेल तर वर तुपाची वाटी. देते मात्र दाराच्या फटीतून.

तू म्हणशील, मग पुणेकरांवर नि कोकणस्थांच्या चिकटपणावर आपण जेवताना हसतो, ते? बंडूकाका तर स्वतःच कोकणस्थ, सगळ्यात जास्त विनोद तोच करतो. मला त्यात फारसं वावगं वाटत नाही, कदाचित वाटायला हवं. पण बंडूकाकाला त्या विनोदापायी कधी चौकीत नेऊन बसवलं नाही. मुंबईत पहिल्या नोकरीत मला 'घाटी' म्हणायचे. सुरुवातीला हसायचो, नंतर डबा एकटाच खायला लागलो. तू हिवाळ्यात कोट बाल्कनीत टांगतेस, फोडणीचा वास लागू नये म्हणून. मी पाहिलंय. बोललो नाही, तेही नाहीच बोललो.

रविवारी आजीचा फोन येईल. आधी गुडघ्याचं विचारीन, मग गड्ड्याच्या जत्रेचं, आणि मग बहुतेक ती घागर काढीन. ती म्हणेल, "तिकडं जाऊन शहाणा झालास व्हय रे?" तेव्हा तू खोलीत असलीस तर बरं. तिला मुद्दाम काही विचारू नकोस, नुसती बस माझ्याजवळ.

तुझा
बाबा