ई-सायकल घ्या, पण दसऱ्याला

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिली दीड पानं पेट्रोलच्या हिशोबाची आहेत आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, एक वाक्य आहे: ‘रविवारी सकाळी एकटीने हर्णैच्या पुढे कुठेतरी जावंसं वाटतं.’ माझं उत्तर बरंचसं त्या वाक्यावर बेतलेलं आहे.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ताई मुरूडला राहतात आणि दापोलीच्या एका शाळेत ग्रंथपाल आहेत. जाऊन-येऊन २४ किलोमीटर. घरात ९ वर्षांची पेट्रोल स्कूटर आहे, ती अजून धड चालते. यजमानांची नारळी-पोफळीची वाडी आणि हंगामात पर्यटकांना दिलेल्या दोन खोल्या. सगळं भागून महिन्याला ८,००० रुपये उरतात, शिवाय ६५,००० ची एक एफडी. दुकानदार ई-सायकल ४२,००० ला देतोय, १२ ‘बिनव्याजी’ हप्त्यांत; रोख दिले तर ३९,०००. आणखी १८,००० टाकून मोठी बॅटरी घ्याच, असं त्याचं टुमणं आहे. यजमान म्हणतात, सायकल कसली, १,१५,००० ची ई-स्कूटर घेऊ. अक्षय्य तृतीयेला एफडी मोडून सायकल घ्यावी का, हा प्रश्न.

घ्या. पण अक्षय्य तृतीयेला नको, एफडी मोडून नको, आणि ‘पेट्रोल वाचेल’ म्हणून तर अजिबात नको.

आधी तो पेट्रोलचा हिशोब निकालात काढू. तुमची स्कूटर लिटरला ४५ देते असं तुम्हीच लिहिलंय. पेट्रोल १०५ धरलं तर शाळेची एक फेरी ५६ रुपयांना पडते. सायकलला त्याच फेरीला जेमतेम पाव युनिट वीज लागेल. युनिटला १० रुपये धरा, म्हणजे तीन रुपयांच्या आत. फेरीमागे ५३ वाचले. पण जून ते सप्टेंबर तुम्ही सायकलवर जाणार नाही, जाऊही नका. सुट्ट्या वगळल्या तर वर्षाचे १५० दिवस मिळतील. झाले ७,९५०. आता उलट बाजू. नवी बॅटरी दुकानदाराने १४,००० ला सांगितली आहे; आपल्याकडच्या दमट हवेत ती चार वर्षं टिकेल असं धरून वर्षाला ३,५०० बाजूला काढायचे. ब्रेक पॅड, ट्यूब, सर्व्हिसिंगचे १,५००. हातात राहिले २,९५०. म्हणजे ३९,००० वसूल व्हायला तेरा वर्षं! एवढं थांबून कोणी सायकल घेत नाही.

तरी घ्या म्हणतोय, कारण रविवारची एकटीची सकाळ हा खर्च करण्याजोगा विषय आहे. फक्त तो खर्च म्हणूनच वहीत लिहा. बचतीच्या नावाने लिहिलात तर दर महिन्याला मन खाईल.

मोठ्या बॅटरीचं काय? इथे दुकानदाराशी माझं सरळ भांडण आहे. सायकलची बॅटरी ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-तासांची आहे. गुणाकार केला की २८० वॉट-तास. मुरूड समुद्राला लागून आणि दापोली सुमारे २५० मीटर उंचीवर. सायकल, तुम्ही आणि पुस्तकांची पिशवी मिळून ९० किलो धरले, तर एवढं वजन तितकं वर न्यायला साधारण ६० वॉट-तास लागतात. मोटारीत थोडी ऊर्जा उष्णतेत जाते, रस्त्याचं आणि वाऱ्याचं घर्षण आहे. सगळं मिळून, तुम्ही पेडलला पायही लावला नाहीत तरी, दीडशे-एकशेसाठच्या वर जात नाही. तुम्ही पाय मारणारच आहात. आणि येताना? आसूदच्या बाजूने उतरताना मोटार बहुतेक वेळ बंदच राहील. सकाळी भरलेली बॅटरी संध्याकाळी घरी येताना थोडी शिल्लक घेऊन येईल. १८,००० रुपये कशाचे द्यायचे?

तुमच्या रस्त्याला दोनच गोष्टींची परीक्षा आहे. चढावर मोटारीचा जोर आणि उतारावर ब्रेक. चाचणी दापोलीच्या बाजारपेठेत सपाटीवर घेऊ नका. दुकानदाराला सांगा की मला आसूदच्या चढावर चालवून बघायची आहे, पिशवीसकट. कां-कूं करत असेल तर दुसरं दुकान बघा. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक हवेत आणि पॅडचा एक जादा जोड पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा. त्याला काही शे रुपये लागतात, १८,००० नाही.

आता ‘बिनव्याजी’. रोखीने ३९,००० आणि हप्त्याने ४२,०००, म्हणजे तीन हजार व्याज आधीच किमतीत घातलंय. त्यात १,१८० प्रोसेसिंग फी तुम्ही लिहिली आहे, ती सुरुवातीलाच जाते. म्हणजे तुमच्या हाती खरं कर्ज येतं ३७,८२० आणि १२ महिन्यांत फेडायचे ४२,०००. घटत्या शिलकीवर हा दर वर्षाला जवळजवळ २० टक्के पडतो. एफडीवर बँक तुम्हाला ७ टक्के देत असताना हे बिनव्याजी कोणाला, ते सांगायला नको. यजमानांनी करसवलतीचं विचारलंय. विजेच्या वाहनाच्या कर्जावरच्या व्याजाची कलम ८०ईईबीची वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. नवीन कर्जाला ती नाही.

दसऱ्याचा आग्रह धरण्यामागे मुहूर्ताचं काही नाही. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात. मे महिन्यात सायकल आणलीत की तीन आठवड्यांत आगोट, आणि मग चार महिने ती पडवीत ताडपत्रीखाली. दोन वर्षांच्या वॉरंटीतले चार महिने पागोळ्या ऐकण्यात गेले. शिवाय एप्रिल-मे म्हणजे तुमच्याकडे कौलं परतायची, मसाले-डाळी भरायच्या, सरपण आत घ्यायचं. त्यानंतर गणपती आणि मुंबईहून येणारी माणसं. हे सगळं उरकल्यावर, ऑक्टोबरात, हवा कोरडी होते आणि पुढे सलग आठ महिने सायकल चालवायला मिळतात.

तोवर बँकेत सात महिन्यांचं आवर्ती खातं काढा, मार्चपासून महिना ५,५००. सप्टेंबरअखेर मुद्दल ३८,५०० आणि वर थोडं व्याज. रोख सायकल आली, एफडी जागेवर, हप्ता नाही. उरलेले अडीच हजार दर महिन्याला हातात राहतात, तेवढ्यात गणपती बसवा. आणि सात महिन्यांत हे ५,५०० भरणं एखाददुसऱ्या महिन्यात जड गेलं, तर तेही कळेल. दुकानदाराच्या हप्त्यात ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

एफडीवर मी इतका का अडतोय, हे तुम्हाला मी सांगावं असं नाही. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ तुम्ही घरात बसून ऐकलंय. पोफळी आडव्या झाल्या, कित्येक गावांत वीज यायला आठवडेच्या आठवडे गेले. पोफळ पुन्हा धरायला वर्षं लागतात आणि त्या काळात खोल्यांनाही गिऱ्हाईक नसतं. तुमचा घरखर्च महिना २८,००० आहे. ६५,००० म्हणजे सव्वादोन महिने. हे खरं तर कमी आहे. सायकल झाली की तेच ५,५०० पुढे या बाजूला वळवा, निदान सहा महिन्यांचा खर्च साठेपर्यंत.

यजमानांच्या ई-स्कूटरला माझा विरोध नाही, घाई मात्र वाटते. रोजच्या २४ किलोमीटरला वीज नऊ-एक रुपयांची, वर्षाला दहा-साडेदहा हजार वाचतील. जुनी स्कूटर १५,००० ला गेली तरी उरलेले लाखभर रुपये फिटायला दहा वर्षं. आणि लाखभरासाठी कर्जच काढावं लागेल. जुनी स्कूटर एक दिवस इंजिन उघडायला मागेल, तेव्हा हा विषय काढा. तोवर पावसाळ्यात तीच उपयोगाची.

दुकानदाराने हळू आवाजात जे सुचवलंय, १,५०० रुपयांत वेगाची मर्यादा काढून देतो, ते कृपया ऐकूच नका. २५० वॉटपेक्षा कमी मोटार आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग, एवढ्यात आहे तोवरच ती कायद्याने मोटार वाहन ठरत नाही, म्हणून नोंदणी नाही, लायसन नाही, विमा नाही. मर्यादा काढली की ती बिननोंदणीची, बिनविम्याची गाडी होते. हर्णैच्या वळणावर कोणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या ६५,००० मधून. वॉरंटीही जाते.

माझी एक फजिती सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पहिली ई-सायकल घेतल्यावर मी ओहोटीला ती ओल्या, घट्ट वाळूवर नेली. वाटतंच न्यावंसं, चाकाची एक बारीक रेघ मागे उमटत जाते आणि समोर कोणी नसतं. मग खारं पाणी धुऊन काढायला एका गॅरेजात दिली, त्यांनी गाड्यांसाठीचा जोरदार पाण्याचा फवारा मारला. पंधरा दिवसांनी सायकल मधूनच बंद पडायला लागली. बॅटरीचं कनेक्टर उघडलं तर आतल्या पितळी पिना हिरव्या पडलेल्या, तांब्याला चढतो तसा कळंक. वायरिंग आणि कंट्रोलर मिळून ३,८०० गेले. वॉरंटीत म्हणे पाण्याने झालेलं नुकसान बसत नाही. बसत नाहीच, अटी मी नंतर वाचल्या.

म्हणून सायकल किनाऱ्यावर माडाखाली लावायची आणि वाळूत आपण चालायचं. आल्यावर ओल्या फडक्याने पुसायची, फवारा नाही. बॅटरी काढता येणारीच घ्या, म्हणजे ती घरात येईल. पावसाळ्यात पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका; निम्मी भरलेली, कोरड्या कपाटात, आणि महिन्याने एकदा बघून थोडी भरायची. चार्जिंग पडवीतल्या त्या जुन्या सॉकेटवर करायचं असेल तर आधी वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या. आणि नव्या बॅटरीची किंमत, ती कुठून येणार, किती दिवसांत येणार हे बिलाच्या मागे दुकानदाराकडून लिहून घ्या. लिथियम बॅटरी पाठवायला कुरियरवाले सहज तयार होत नाहीत. पुण्याहून मागवायची वेळ आली तर सायकल महिनाभर भिंतीला टेकून राहील.

पहिल्या रविवारी हर्णै ओलांडून आंजर्ल्याला जा. जोग नदीवरचा पूल सकाळी सातला रिकामा असतो. कड्यावरच्या गणपतीचा चढ हौसेने मोटारीच्या वरच्या टप्प्यावर चढा, तेवढी बॅटरी आहे. आणि मार्चच्या सुमारास कासवांची पिल्लं सोडत असतील तेव्हा परत या, पण त्या दिवशी पहाटे निघावं लागेल, तर पुढचा दिवा चांगला बघून घ्या.