वाचकांचे प्रश्न: फाटकं जाळं समुद्रात का नको?

प्रश्न: आमची होडी गोव्यात बेतूलला असते. फाटलेलं जाळं खोल पाण्यात सोडलं तर ते तळाला जातं. मग त्यात बिघडतं काय?

उत्तर: सगळीच जाळी बुडत नाहीत. नायलॉनची घनता सुमारे १.१४, समुद्राच्या पाण्याची १.०२५, म्हणून ते बुडतं. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्याचं पॉलिथिलीन ०.९५ च्या आसपास. ते तरंगतं आणि कुणाच्या तरी होडीच्या पंख्यात, बहुधा तुमच्याच, गुंडाळलं जातं.

बुडालेलं जाळंही गप्प बसत नाही. त्यात अडकून मेलेल्या मासळीच्या वासाने कुर्ल्या येतात, त्याही अडकतात. बुचं (जाळं वर धरणारे तरंगते गोळे) तशीच राहिली तर जाळं तळाशी भिंतीसारखं उभं राहतं. मोरजी, गालजीबागला अंडी घालायला येणारी कासवं त्यात गुंतली, की श्वासासाठी वर येऊ शकत नाहीत. जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखणाऱ्या मारपोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने असं जाळं मुद्दाम समुद्रात टाकायला १९८८ पासूनच बंदी आहे.

जाळं किनाऱ्यावर आणा. बुचं, शिसं, दोर सोडवा. शिसं पुन्हा वापरता येतं. गोड्या पाण्याने धुऊन वाळवा. नायलॉन आणि पॉलिथिलीन वेगळं बांधा, मिसळलेला माल भंगारवाला सहसा घेत नाही. ओळखायला तुकडा बादलीत दाबून सोडा: वर आला तर पॉलिथिलीन. जाळू मात्र नका, नायलॉनच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतो.